प्रॉम्प्टर सरांचा स्पोकन क्लास

३ नोव्हेंबर, सोमवार

आज क्लास सुरू केला. पाटी कालच लावली होती : 'दुर्गाप्रसाद सरांचे स्पोकन इंग्लिश, केशोरी. शंभर टक्के बोलते करणार!' जमुनाबाईने पाटीवर कपडा मारता मारता विचारलं, "बोलते कोणाले करणार जी? तुमी कोणाले बोलू देता का?" बायकोच्या बोलण्याला उत्तर देत बसलो असतो तर आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून झालं नसतं.

जूनमध्ये रिटायर झालो. घरी बसून माश्या मारणाऱ्यातला मी नाही. त्यात धरणाच्या काठी नवीन रिसॉर्ट उघडत आहे, आणि तिथे आपल्याच भागातली पोरं घेणार आहेत. काम काय, तर आलेल्या पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं की इथे बोटिंग आहे, सायकलिंग आहे, पक्षी पाहणं आहे, तुम्हाला काय करायला आवडेल? डिसेंबरात नागपूरची एक मॅडम लॅपटॉपवरून मुलाखती घेणार. आता हे काम शिकवायला केशोरीत माझ्याशिवाय आहे कोण?

सात जण आले. ओसरीत सतरंजी टाकली. नीलेश आला, तो कोहमाऱ्याला मामाच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या ऑर्डरी ओरडून कंटाळलेला. चिचगडची रीना आली, ती इथे मावशीकडे राहून राहिली. बाकीचे पाच पुढेमागे गळतील, चेहऱ्यावरून कळतं. या दोघांना मात्र मी नोकरी लावणारच. लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मुख्य दुखण्यालाच हात घातला. काय करायला आवडतं, काय करायचं आहे, काय करून झालं, हे इंग्रजीत सांगताना आपली पोरं अडतात. 'आय वॉन्ट ईटिंग' म्हणतील, 'आय एन्जॉय टू स्विम' म्हणतील. पुस्तकात याला जेरंड आणि इन्फिनिटिव्ह अशी भारी नावं आहेत. ती ऐकली की पोरांचे डोळे मिटतात.

मी पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई आली की नाटक आलंच. वडशाच्या कोणत्या नाटक कंपनीत कोणता कलाकार आहे हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मग मी फळ्यावर दोन कंपन्या काढल्या. एक आयएनजी कंपनी, दुसरी टू कंपनी. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड हे आयएनजी कंपनीचे पक्के कलाकार, दुसरीच्या स्टेजवर पाय ठेवणार नाहीत. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन हे टू कंपनीचे. लाइक, लव्ह, स्टार्ट हे मोकळे, दोन्हीकडे काम करतात.

"सर, पण कोण कोणत्या कंपनीत हे समजाचं कसं जी?" नीलेशने विचारलं.

"एन्जॉय ईटिंग म्हणजे घास तोंडात आहे. वॉन्ट टू ईट म्हणजे ताट अजून चुलीपाशीच आहे. दरवेळी हे बसत नाही, पण पुष्कळदा बसते. बाकी पाठ कर."

"आय एन्जॉय टू ईट मटण!" नीलेश म्हणाला.

"कंपनी चुकली!" सगळे ओरडले. बापा, काय रंगला क्लास! रस्त्याने जाणारे थांबून पाहत होते.

रीना ओरडली नाही. गुणी पोरगी आहे, पण मुखदुर्बळ. मी 'आय' म्हटलं की ती 'आय' म्हणते, मी 'होप' दिला की 'टू लर्न' स्वतः लावते. पहिला शब्द आपण दिला की पुढचं वाक्य सरळ येतं. आणि शब्द दिला नाही तर माझ्या तोंडाकडे पाहत राहते. शिक्षकाबद्दल इतका आदर आजकाल कुठे पाहायला मिळतो?

९ नोव्हेंबर, रविवार

आज सुटी, तरी रीना आली. उंबऱ्याशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

"सर, लागन का जी मले नोकरी?"

"काऊन नाही लागणार?"

मग तिने सांगितलं. तिची आई लीलाबाई दर जानेवारीला बायकांच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाते. गेल्या साली रीनाही गेली होती. बारावी शिकलेली पोरगी, दीड महिना मिरचीच्या शेतात. "हात असे जळत जी, का भात कालवता येत नोता," ती म्हणाली. "डोळे चोळाचीई सोय नाई. आता माय म्हणते, नोकरी नाई लागली तं यंदाई चाल. टोळीत नाव देऊन ठेवलं तिनं. मले नाई जाचं सर. रिसॉर्टात पगार हाय, राहाले खोली हाय, महिन्यातून घरी जाता येते."

मला भडभडून आलं. म्हटलं, "रीना, तू मिरचीले जात नाहीस. मी बसलो आहे ना!"

ती म्हणाली, "सर, पण तुमी नसाल तं मी कशी बोलीन?"

यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र शिक्षकाला दुसरं काय हवं? म्हटलं, "मी असणारच, काळजी करू नको."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जमुनाबाईच्या बहिणीचा फोन आला. तिचं बोलणं मला ऐकवत नाही, मुद्दा सोडून भलतीकडेच जाते. मी बाजूला बसून हळूच सुचवत होतो, "धानाचं सांग. पोराच्या लग्नाचं विचार. थंडीचं सांग." तर ती फोन घेऊन मागच्या वाडीत गेली आणि चांगली तासभर बोलत बसली. आमच्या घरात नेटवर्कची फार बोंब आहे. कंपनी बदलली पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल आमच्या मंडईत गावच्या मंडळाचं नाटक झालं. डायरीत लिहिलं नसेल तर लिहून ठेवतो, की केशोरीच्या नाटकाचा प्रॉम्प्टर मी आहे. आमची नट मंडळी दिवसभर धान कापतात, संवाद पाठ करायला वेळ कोणाला? मी विंगेत पुस्तक घेऊन बसतो आणि एकेक ओळ आतून देतो. प्रॉम्प्टरचा आवाज पेटीच्या वर आणि पब्लिकच्या खाली राहिला पाहिजे. हे कसब आहे, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

काल मात्र घोळ झाला. दुसऱ्या अंकात चुन्नीलालने, म्हणजे आमच्या खलनायकाने, नायिकेचा हात धरला, आरोळी ठोकली, आणि नेमकी मला खोकल्याची उबळ आली. चुन्नीलाल तसाच उभा! नायिकेचा हात हातात, डोळे वटारलेले, तोंड उघडं. खोकला काही थांबेना. शेवटी नायिकाच म्हणाली, "सोडा ना जी आता!" पब्लिक हसून हसून लोळलं.

चुन्नीलाल आज सकाळी चहाला आला तेव्हा चिडला होता. मी म्हटलं, "हे पाय, मी खोकललो तं नाटक थांबलं. याचा अर्थ काय? माझ्याशिवाय नाटक नाही." तो माझ्याकडे पाहत राहिला. पटलं असावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज दोन्ही कंपन्यांत काम करणारे पण प्रत्येकीत वेगळा रोल करणारे कलाकार घेतले. स्टॉप आणि रिमेम्बर. उदाहरणाला चुन्नीलाल आयताच आला होता.

"चुन्नीलाल स्टॉप्ड स्मोकिंग म्हणजे त्याने बिडी सोडली. चुन्नीलाल स्टॉप्ड टू स्मोक म्हणजे तो बिडी प्यायला थांबला."

"यातलं खरं कोणतं?" नीलेशने विचारलं. चुन्नीलालने बिडी मागे लपवली.

मग रिमेम्बर. "रिमेम्बर टू लॉक म्हणजे कुलूप लावायचं ध्यानात ठेव. रिमेम्बर लॉकिंग म्हणजे लावल्याचं आठवते." पोरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

एक गोष्ट मात्र खटकली. मी खडू आणायला आत गेलो तेवढ्यात वर्गात नुसता कल्ला. बाजार भरला होता! रीनासुद्धा खिदळत होती आणि नीलेशला म्हणत होती, "डू यू माइंड क्लोजिंग युवर माउथ? आय वॉन्ट टू हिअर द बर्ड्स!" मी ओसरीत पाय ठेवताच सगळे चिडीचूप. शिस्त अजून शिल्लक आहे म्हणायची. रीनाला उभं केलं आणि म्हटलं, आता काय बोलत होतीस ते बोल. तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी 'डू यू' मीच दिलं.

पाचातले चार गळले. पाचवा सायकल दुरुस्त झाली की येतो म्हणाला.

१ डिसेंबर, सोमवार

मुलाखतीची तारीख आली. आठ तारखेला नीलेश, दहा तारखेला रीना. दोघांचीही माझ्या घरून, माझ्या लॅपटॉपवर.

आज रंगीत तालीम घेतली. मंडळाचा जुना पडदा आणून बैठकीत दोरीवर टांगला. पडद्यापुढे टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर पोरगं. पडद्यामागे मी. मॅडमला पोरगं दिसणार आणि पोराला माझा आवाज ऐकू येणार. मॅडम झाला चुन्नीलाल, आणि त्याने काय झोकात केलं! "व्हॉट डू यू एन्जॉय डुइंग?" मी आतून, "आय एन्जॉय रीडिंग बुक्स अँड लिसनिंग टू म्युझिक." रीना खणखणीत म्हणाली. नीलेशही म्हणाला. एकही अडखळ नाही, एकही कंपनी चुकली नाही.

रीनाने विचारलं, "सर, एक खेप मी एकटीच बोलून पाहू का?"

"पाहू नंतर. आधी हे पक्कं होऊ दे."

जमुनाबाई दारात उभी होती. म्हणाली, "हे बरं हाय का जी? मॅडमले फसवणं नाई का?"

मी तिला समजावलं. नाटकात प्रॉम्प्टर असतो म्हणून कोणी नटाला खोटा म्हणतं का? टाळ्या नटालाच पडतात. प्रॉम्प्टरला कोणी शालसुद्धा देत नाही. ती आत गेली. पटलं असावं.

८ डिसेंबर, सोमवार

काय लिहू? लिहितो.

सकाळी अकरा वाजता नीलेश टेबलापाशी बसला. नवा शर्ट, केसांना पाणी. मी पडद्यामागे स्टुलावर. मॅडम चांगल्या होत्या, हसून बोलल्या. पहिले दोन प्रश्न आमच्या तालमीतले आले आणि नीलेशने ठोकून उत्तरं दिली. मग त्यांनी मधेच विचारलं की ढाब्यावर एखादा गिऱ्हाईक भांडला तर तू काय करतोस? हा प्रश्न आमच्याकडे नव्हता. मी जरा विचारात पडलो. नीलेश वाट पाहत राहिला, हात उचललेला तसाच, थेट चुन्नीलालसारखा.

मी म्हटलं, "आय ट्राय टू टॉक!" जरा जोरात निघालं. पेटीच्या वरच्या आवाजाची सवय.

मॅडम म्हणाल्या, "हू इज दॅट?"

मी घाबरून कुजबुजलो, "चूप, कोणी नाही म्हण."

आणि नीलेश, माझा आज्ञाधारक नीलेश, छाती पुढे काढून खणखणीत म्हणाला, "चूप, कोणी नाही म्हण!"

मॅडम "थँक यू, नीलेश," म्हणाल्या आणि स्क्रीन काळी झाली.

नेटवर्क चांगलं असतं तर मी हळू बोललो असतो. आवाज पोचेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून जोर लावावा लागला. मूळ दोष नेटवर्कचा.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी नीलेश आला आणि म्हणाला, "सर, मनाले लावून घेऊ नका. मीच बैल. जे कानावर आलं ते बोलून टाकलं." तो हसत होता. पण नवा शर्ट घडी करून पिशवीत होता आणि तो कोहमाऱ्याच्या गाडीला निघाला होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. नेटवर्कबिटवर्क काही नाही, मी ओरडलो. मॅडमला फोन लावून सांगितलं की आवाज माझा होता, पोरगा चांगला आहे. त्या म्हणाल्या, "सर, पोरगा चांगलाच असेल, पण मला त्याचा आवाज ऐकायचा होता. मार्चमध्ये पुन्हा घेऊ, तेव्हा त्याला येऊ द्या." नीलेशला तसं कळवलं आहे.

संध्याकाळी रीना आली. पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि पायाकडे पाहत म्हणाली, "सर, उद्या तुमी आत बसू नका."

"काऊन वं? उद्या हळू बोलीन. नीलेशच्या वेळी अंदाज चुकला."

"तसं नाई जी. तुमचा आवाज आला का माहं डोस्कं बंद होते. तुमी काय सांगान याचीच वाट पायतो मी. मंग मले जे येते तेई येत नाई."

मला राग आला. का नाही येणार? महिनाभर घसा कोणी कोरडा केला? म्हटलं, "मिरचीले जायचं आहे का तुले?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "जाची पाळी आली तं माह्या चुकीनं जाईन सर," ती म्हणाली.

आतून जमुनाबाई म्हणाली, "बराबर बोलली पोट्टी."

दोघी एक झाल्यावर माझं काय चालतं? पडदा काढला. काढताना दोरी तुटली, ती तशीच लोंबते आहे. इतक्या वर्षांत मला 'तुम्ही नका' असं कोणी म्हटलं नव्हतं. उद्या पोरीचं कसं होईल ही भीती वाटते आहे. आणि खरं लिहायचं तर दुसरीही एक भीती वाटते, माझ्याशिवाय तिचं चांगलं झालं तर?

१० डिसेंबर, बुधवार

मी ओसरीत बसलो. खिडकी उघडी होती, तेवढी सवलत मिळाली. जमुनाबाई शेजारी पाटावर बसली. तिने मुरमुऱ्याचे लाडू केले होते, गूळ जास्त झालेले, दगडासारखे. मुलाखत सुरू होताच एक पूर्ण लाडू माझ्या तोंडात कोंबला. "खा," म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "टेल मी अबाउट युवरसेल्फ, रीना."

आत शांतता. मी मोजत नव्हतो, पण फार लांब होती. पहिला शब्द कोणी तरी द्यायला पाहिजे होता! 'माय नेम इज' एवढंच तर! मी अर्धा उठलो, जमुनाबाईने धोतर धरून खाली बसवलं. लाडू ना फुटे, ना गिळवे.

मग रीनाचा आवाज आला. बारीक, पण आला. "माय नेम इज रीना. माय होम इज चिचगड. नाउ आय अॅम स्टेइंग विथ माय आंट."

"गुड. व्हॉट डू यू एन्जॉय डुइंग?"

हा आमचा प्रश्न! रीडिंग बुक्स अँड लिसनिंग टू म्युझिक. महिनाभर घोटलेलं. मी डोळे मिटले.

"आय एन्जॉय टॉकिंग," रीना म्हणाली.

मॅडम हसल्या. "रिअली? बट यू आर सो क्वाएट!"

"येस मॅडम. इन क्लास, सर इज टॉकिंग. अॅट होम, माय मदर इज टॉकिंग. नोबडी इज वेटिंग. टुडे यू आर वेटिंग. सो आय अॅम टॉकिंग."

मॅडमनी पुढे विचारलं की एखाद्या पाहुण्याला पाण्याची भीती वाटत असेल आणि त्याच्या घरच्यांना बोटिंगला जायचं असेल तर तू काय करशील?

"आय विल नॉट पुश हिम. फर्स्ट वी विल सिट. आय विल आस्क, वॉट यू लाइक? मे बी ही लाइक्स टी. वी विल ड्रिंक टी. देन ही विल डिसाइड गो..." ती थांबली. "सॉरी. डिसाइड टू गो. ऑर डिसाइड टू सिट. सिटिंग इज ऑल्सो गुड, मॅडम."

त्यानंतर दोघी पुष्कळ बोलल्या. रीना एकदा मोठ्याने हसली. मला काही वाक्यं ऐकूच आली नाहीत, इतक्या भराभर चालल्या होत्या.

हिशोब लिहून ठेवतो. एन्जॉयपुढे टॉकिंग, बरोबर. डिसाइडपुढे टू, स्वतः सुधारला, शाबास. 'नोबडी इज वेटिंग' चूक, 'नोबडी वेट्स' पाहिजे होतं. हे मी तिला सांगणार होतो. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या हातावर एक लाडू ठेवला, आणि सांगायचं राहिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

रीना लागली! नोकरी लागली! नाताळाच्या गर्दीआधीच हजर व्हायला सांगितलं आहे. ती धावतच आली, आधी जमुनाबाईच्या पाया पडली, मग माझ्या. मी पेढे आणायला निघालो तर पायात चपला उलट्या घातल्या.

दुपारी चिचगडहून लीलाबाईचा फोन आला. "सर, तुमच्यानं झालं जी. पोट्टी मिरचीतून सुटली. मी एकलीच जातो यंदा."

मी "हो हो" म्हणालो. मग "नाही नाही, माझ्यानं नाही," म्हणालो. फोन जमुनाबाईकडे दिला. ती फोन घेऊन वाडीत गेली नाही, माझ्यासमोर बसूनच बोलली. मी बोलू दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

जमुनाबाई म्हणाली, पोरीला पाहून येऊ. सकाळच्या गाडीने धरणावर गेलो.

रिसॉर्टच्या दारातच रीनाचं टेबल. निळा कोट, केसांचा अंबाडा, गळ्यात नावाचा बिल्ला. समोर नागपूरकडचं एक कुटुंब उभं होतं, आजी-आजोबा, पोरं, कडेवर लहान लेकरू. रीना त्यांच्याशी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जसं ज्याला पाहिजे तसं बोलत होती. मधेच एका शब्दाला अडली. माझे ओठ आपोआप हलले. तिने मला पाहिलं, हसली, आणि माझ्याकडे पाठ करून आपला शब्द आपणच शोधला. तो मी दिला असता त्याहून वेगळा होता. चालला.

ते लोक गेले. मग ती आमच्यासमोर सरळ उभी राहिली आणि अगदी पाहुण्यांशी बोलतात तसं म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम. वुड यू लाइक टू गो बोटिंग?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर मुलांकडून या प्रश्नाचं उत्तर घोकून घेतलं, आणि मला ते येईना! मला कोणी कधी विचारलंच नव्हतं, काय करायला आवडेल म्हणून. मी नुसता उभा. ती थांबली होती, घाई नव्हती तिला.

"मले जाचं हाय," जमुनाबाई म्हणाली. "यायले बसू दे इथीच. पाण्याले भेतात हे."

मी भितो हे तिला कोणी सांगितलं? मी तर कधी बोललो नव्हतो.

रीनाने मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि दुसऱ्या पोराला टेबलाशी बसवून जमुनाबाईला बोटीत नेलं. दोघी समोरासमोर बसल्या. बोट लांब गेली. जमुनाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती, रीना पुढे वाकून ऐकत होती, मग रीना बोलायला लागली आणि जमुनाबाईने डोक्यावरचा पदर पडू दिला. दोघींचे दात दिसत होते एवढ्या हसत होत्या. आवाज काही माझ्यापर्यंत आला नाही. चहा घेतला, चांगला होता.

बोट परत आली तेव्हा जमुनाबाईचा हात धरून उतरवलं आणि विचारलं, "काय बोलत होत्या वं एवढ्या?"

"ते आमचं होतं जी," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही.